जुन्या कपाटापासून पाळीव सापासाठी उबदार पेटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने कपाट, टीव्हीचे टेबल किंवा काचेची शोकेस यांपासून सापासाठी उत्तम घर तयार करता येते. या कामातला पहिला निर्णय उष्णतेचा असतो. लाकूड कोणते चालेल, भोके कोठे पाडायची, काच कशी बसवायची आणि वायर कोठून न्यायची, हे सारे त्या निर्णयावरून ठरत जाते. पुढील उत्तरे मुख्यतः कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन या दोन बिनविषारी, पिंजऱ्यात जन्मलेल्या आणि कायदेशीररीत्या मिळवलेल्या सापांना धरून दिली आहेत. जंगलातून पकडलेला साप पाळू नये, आणि विषारी सापासाठी घरगुती फर्निचरचा विचारही करू नये.

काचेची टाकी सोडून लाकडी कपाट वापरण्यात काय फायदा आहे?

लाकूड उष्णतेचे मंदवाहक आहे. काचेच्या टाकीतली ऊब चारही बाजूंनी आणि वरच्या जाळीतून सतत बाहेर जात राहते, त्यामुळे थंड खोलीत हीटर अखंड चालूनही आतील तापमान टिकत नाही. तीन बाजूंनी आणि वरून लाकूड असलेल्या पेटीत तेवढ्याच उष्णतेसाठी वीज कमी लागते आणि ओलावाही अधिक काळ टिकतो. सापाच्या दृष्टीने दुसराही फायदा आहे. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दडून राहतो. चारही बाजूंनी उघडे दिसणाऱ्या टाकीत असा साप अस्वस्थ राहतो, आणि कित्येकदा खाणेही सोडतो. फक्त समोरून उघडणाऱ्या पेटीत त्याला आडोसा मिळतो. शिवाय हात वरून खाली न येता समोरून येतो, त्यामुळे शिकारी पक्षी झडप घालत असल्याची भीती त्याला वाटत नाही.

लाकडाचा तोटाही तितकाच खरा आहे. ते पाणी शोषते, फुगते आणि पेट घेऊ शकते. पुढील बहुतेक उत्तरे या तोट्यांच्या बंदोबस्ताविषयीच आहेत.

कोणते फर्निचर निवडावे?

सर्वांत आधी खोली मोजावी, म्हणजे समोरच्या कडेपासून मागच्या फळीपर्यंतचे अंतर. पुस्तकांचे कपाट दिसायला मोठे असले तरी त्याची खोली बहुधा 30 सेंटिमीटरच्या आसपास असते. एवढ्या अरुंद जागेत प्रौढ सापाला नीट वळता येत नाही, आणि हीटरपासून लाकडापर्यंत सुरक्षित अंतरही राखता येत नाही. कपड्यांच्या कपाटाची खोली साधारण 55 ते 60 सेंटिमीटर असते, म्हणून या कामासाठी ते सर्वांत सोयीचे. टीव्हीचे लांब टेबल किंवा बुटके, रुंद कपाटही चांगले, कारण जमिनीवर राहणाऱ्या सापाला उंचीपेक्षा लांबीचा उपयोग जास्त होतो.

त्यानंतर लाकडाचा प्रकार पाहावा. भरीव लाकूड आणि चांगले प्लायवुड हे पहिल्या पसंतीचे. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचे तंतू किंवा भुसा डिंकात दाबून केलेले बोर्ड) यांच्या कापलेल्या कडांतून एकदा पाणी आत शिरले की बोर्ड फुगतो, भुसभुशीत होतो आणि स्क्रू धरत नाही. कोरड्या वातावरणात राहणाऱ्या कॉर्न स्नेकसाठी, प्रत्येक कड नीट बंद करून, असे फर्निचर वापरता येते. बॉल पायथनसाठी लागणाऱ्या ओलाव्यात ते फार काळ टिकेल असे मला वाटत नाही. सीडर लाकडाचे कपाट तर फुकट मिळाले तरी घेऊ नये, कारण त्यातील सुगंधी तेले सरपटणाऱ्या प्राण्यांना अपायकारक असतात, आणि ऊब मिळाली की ती अधिकच बाहेर पडतात.

मागची फळी मात्र आवर्जून तपासावी. बहुतेक कपाटांना मागे तीन-चार मिलिमीटरचा पातळ हार्डबोर्ड बारीक खिळ्यांनी ठोकलेला असतो. कपड्यांसाठी तो पुरतो, पण साप रात्रभर कोपऱ्यात नाक खुपसून दाब देत राहिला की खिळे एकेक करून सैल होतात आणि फटीतून बोट जाईल एवढी वाट तयार होते. तो हार्डबोर्ड काढून टाकावा आणि किमान नऊ ते बारा मिलिमीटरचे प्लायवुड स्क्रूने बसवावे.

पेटी किती मोठी असावी?

सापाला पूर्ण अंग ताणून पडता यावे, हे किमान माप समजावे. प्रौढ कॉर्न स्नेक साधारण 120 ते 150 सेंटिमीटर लांब होतो, आणि बॉल पायथन बहुधा 90 ते 150 सेंटिमीटरच्या दरम्यान असतो. बॉल पायथनसाठी 120 सेंटिमीटर लांब, 60 सेंटिमीटर खोल आणि 60 सेंटिमीटर उंच हे माप पुष्कळ जाणकार किमान मानतात. साप त्याहून लांब असेल तर पेटीही लांब हवी. पिल्लाला मोठी पेटी चालत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. मोठी आणि रिकामी पेटी त्याला चालत नाही. फांद्या, साली, पाने आणि लपण्याच्या जागा यांनी भरलेली मोठी पेटी चालते.

उभे कपाट आडवे पाडून वापरता येईल का?

वापरता येते, आणि अशी पेटी लांबीला उत्तम होते. पण कपाटाचे सांधे उभ्या भारासाठी केलेले असतात. आडवे पाडल्यावर जी बाजूची फळी होती तीच तळ बनते, आणि तिच्यावर मातीचा, फांद्यांचा व काचेचा भार येतो. त्यामुळे तळाखाली किमान तीन ठिकाणी आडव्या पट्ट्या किंवा पाय द्यावेत, आणि आतील चारही कोपऱ्यांत लोखंडी काटकोन पट्ट्या स्क्रूने बसवाव्यात. कपाटाचे मूळ दरवाजे आता वर-खाली उघडतील, म्हणून ते काढून सरकत्या काचा बसवणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

कपाट फार जुने आहे. त्याच्या रंगाचा किंवा वासाचा धोका असतो का?

असतो, आणि नेमके याच बाबतीत घाई केली जाते. जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर 1978 मध्ये बंदी आली. इतर अनेक देशांत ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. रंगाचे वय माहीत नसेल तर तो कोरडा घासू नये, कारण शिशाची धूळ माणसालाही, विशेषतः लहान मुलांना, घातक असते. अशा वेळी रंगाची तपासणी करून घ्यावी किंवा ते कपाट या कामासाठी सोडून द्यावे.

वासाची परीक्षा सोपी आहे. कपाट रिकामे करून, पुसून, दारे बंद करून एक दिवस उन्हात किंवा उबदार खोलीत ठेवावे आणि मग दार उघडून लगेच आत वास घ्यावा. वर्षानुवर्षे डांबरगोळ्या ठेवलेल्या कपाटाला तो उग्र वास चिकटलेला असतो. नॅप्थलीनची वाफ लाकडात मुरते आणि ऊब मिळताच पुन्हा बाहेर येते. थंडीत न जाणवणारा वास हीटर लावल्यावर दरवळू लागला, तर तो बंद पेटीतल्या सापाला चोवीस तास घ्यावा लागतो. अनेक आठवडे हवा देऊनही वास जात नसेल तर ते कपाट नाकारावे. वाळवीचे किंवा किडीचे औषध मारलेल्या लाकडाचेही तसेच समजावे. औषध कोणते होते हे कळत नसेल, तर संशयाचा फायदा सापाला द्यावा.

लाकडाला बारीक गोल भोके आणि त्यांखाली पिठासारखा भुसा दिसला तर कीड अजून आत आहे. सापाच्या पेटीत कीटकनाशक मारता येणार नाही, म्हणून असे लाकूड आणूच नये.

आतील तापमान किती असावे?

साप स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता तयार करत नाही. तो उबदार आणि थंड जागांमध्ये ये-जा करून शरीराचे तापमान सांभाळतो. म्हणून पेटीत एकच तापमान राखणे चुकीचे आहे. एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा हवा. बॉल पायथनसाठी उबदार टोकाला 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला 24 ते 27 अंश ठेवावे. कॉर्न स्नेकसाठी उबदार टोकाला 29 ते 32 आणि थंड टोकाला 22 ते 25 अंश पुरतात. ओलावा बॉल पायथनसाठी 55 ते 70 टक्के आणि कॉर्न स्नेकसाठी 40 ते 60 टक्के असावा. ऊब कमी पडली तर गिळलेले भक्ष्य पचत नाही आणि साप ते ओकून टाकतो. सतत गार आणि ओल्या हवेत राहिल्यास श्वसनाचे विकार होतात. दोन्ही टोकांना लपण्याची एकेक जागा असावी. ती एकाच टोकाला असेल, तर साप सुरक्षिततेसाठी ऊब सोडतो किंवा उबेसाठी सुरक्षितता.

उष्णतेसाठी कोणते साधन वापरावे? हीट मॅट चालेल का?

लाकडी पेटीत हीट मॅट, म्हणजे तळाशी घालायची विजेवर तापणारी पातळ चटई, वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मॅट लाकडी तळाखाली लावली तर उष्णता वर पोहोचत नाही. ती मॅट आणि लाकूड यांच्यामध्ये कोंडते, आणि तेवढा भाग हळूहळू काळा पडतो. मॅट आत ठेवली तर साप माती उकरून थेट तिच्यावर जाऊन पडतो. पोटाखालची जागा भाजण्याइतकी तापली तरी साप वेळेवर दूर होईलच असे नाही, आणि पोटावर भाजलेले साप पशुवैद्यांकडे येतात ते याच कारणाने. तापणारे कृत्रिम दगडही याच कारणासाठी टाळावेत.

ऊब वरून द्यावी. दिवसा हॅलोजन दिवा उत्तम, कारण त्याची उष्णता सूर्यप्रकाशासारखी शरीरात काहीशी खोलवर पोहोचते. रात्री ऊब लागत असेल तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर किंवा छताला बसवायचे उष्णता पॅनेल वापरावे. रात्रीसाठी विकले जाणारे लाल-निळे दिवे घेऊ नयेत. तो प्रकाश सापाला दिसतो आणि त्याचा दिवस-रात्रीचा क्रम बिघडतो. 120 सेंटिमीटरच्या लाकडी पेटीला सामान्य तापमानाच्या खोलीत 60 ते 100 वॅट बहुधा पुरतात.

सिरॅमिक हीटरचा पृष्ठभाग 200 अंशांच्या वर जाऊ शकतो. म्हणून होल्डर चिनी मातीचाच हवा. प्लॅस्टिकचा होल्डर काही दिवसांतच ठिसूळ होऊन वितळतो. पेटीच्या आत असलेल्या प्रत्येक दिव्याला आणि हीटरला सर्व बाजूंनी तारेची जाळी बसवावी. साप उबेच्या ओढीने वर चढतो, गरम हीटरला विळखा घालतो आणि भाजतो. जाळीची छिद्रे सापाचे डोके आत जाणार नाही एवढी लहान असावीत, आणि जाळी स्क्रूने छताला घट्ट बसवलेली असावी.

थर्मोस्टॅट (तापमान पाहून हीटर आपोआप नियंत्रित करणारे उपकरण) घेणे खरोखर आवश्यक आहे का?

होय, आणि त्याला पर्याय नाही. लाकडी पेटी उष्णता धरून ठेवते, म्हणून नियंत्रण नसलेला हीटर तिच्यात काचेच्या टाकीपेक्षा कितीतरी लवकर घातक तापमान गाठतो. साधनाप्रमाणे थर्मोस्टॅटही वेगळा लागतो. हॅलोजन दिव्याला प्रकाश कमी-जास्त करणारा डिमिंग थर्मोस्टॅट हवा, नाहीतर दिवा सतत चालू-बंद होत राहील. सिरॅमिक हीटरला पल्स प्रकारचा, म्हणजे थोड्या थोड्या वेळाने वीज देणारा, थर्मोस्टॅट चांगला.

थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग, उबदार टोकाला, हीटरच्या खाली, सापाच्या पाठीच्या उंचीवर असावा आणि त्याची वायर दर काही सेंटिमीटरवर स्क्रूच्या क्लिपने भिंतीला बांधलेली असावी. यात कसूर झाली तर काय होते ते लक्षात घ्यावे. साप वायरमागून सरकतो, प्रोब ओढला जाऊन थंड टोकाला किंवा पाण्याच्या भांड्यात पडतो, थर्मोस्टॅटला पेटी गार वाटते आणि तो हीटर पूर्ण क्षमतेने चालू ठेवतो. शक्य असेल तर काही अंश वर लावलेला दुसरा थर्मोस्टॅट सुरक्षेसाठी मालिकेत जोडावा. मोजण्यासाठी दोन्ही टोकांना स्वतंत्र डिजिटल तापमापक ठेवावेत. काचेला चिकटवायचे काटे असलेले तापमापक भरवशाचे नसतात.

आग लागू नये म्हणून काय करावे?

हीटर आणि लाकूड यांच्यात उत्पादकाने सांगितलेले अंतर राखावे. हीटरच्या वरच्या छतावर ॲल्युमिनियमचा पत्रा बसवावा, पण तो थेट लाकडाला न चिकटवता एक-दोन सेंटिमीटरची हवेची फट ठेवावी, कारण फटीशिवाय पत्रा तीच उष्णता लाकडाला देतो. वायर जिथे फळीतून जाते तिथे रबरी कडे बसवावे. सॉकेटची पट्टी पेटीच्या आत कधीही ठेवू नये, आणि बाहेरील वायर सॉकेटकडे जाण्यापूर्वी खाली झोल घेऊन मग वर न्यावी, म्हणजे पाणी ओघळले तरी सॉकेटमध्ये शिरणार नाही. जुन्या शोकेसमध्ये आधीचे दिवे आणि वायरी असतील तर त्या पूर्णपणे काढून टाकाव्यात. जोडणी 30 मिलिअँपिअरच्या गळती-संरक्षक स्विचवर असावी. विजेचे काम स्वतःला येत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. खोलीत धुराची सूचना देणारे यंत्र लावावे.

लाकडाला आतून कोणता लेप द्यावा?

पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) पॉलियुरेथेन वॉर्निश सर्वांत सोयीचे. आधी जुने पॉलिश पेपरने घासून पृष्ठभाग खरखरीत करावा, धूळ ओल्या फडक्याने टिपावी आणि किमान तीन-चार हात द्यावेत. दोन हातांच्या मध्ये बारीक पॉलिश पेपर फिरवावा. कापलेल्या कडांना आणि ड्रिलने पाडलेल्या भोकांच्या आतल्या बाजूला एखादा हात जास्तच द्यावा, कारण पाणी तिथूनच शिरते. सगळे सांधे सिलिकॉनने भरावेत. सिलिकॉन बुरशीनाशक न मिसळलेले असावे. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते. सांधे भरल्याने पाणी अडते, तसेच सापाच्या अंगावरील गोचिडींसारख्या बारीक किडींना लपायला जागा उरत नाही.

वॉर्निश हाताला कोरडे लागणे वेगळे आणि ते पूर्ण पक्के होणे वेगळे. पहिल्याला काही तास लागतात. दुसऱ्याला दोन ते चार आठवडे लागू शकतात. तोवर त्यातून बारीक वाफा बाहेर पडत राहतात.

हवा खेळती ठेवण्यासाठी भोके कोठे पाडावीत?

थंड टोकाला खाली आणि उबदार टोकाला वर. गरम हवा वरून बाहेर पडते आणि ताजी हवा खालून आत येते. भोकांवर बसवायची जाळी गुळगुळीत कडांची असावी, कारण साप तिच्यावर नाक घासतो आणि जखमी होतो. सुरुवातीला भोके कमी ठेवावीत. ओलावा जास्त वाटला तर आणखी पाडता येतात, पाडलेली बुजवणे मात्र किचकट असते.

साप पळून जाऊ नये म्हणून दरवाजा कसा असावा?

चॅनलमध्ये सरकणाऱ्या दोन काचा सर्वांत चांगल्या. काच चार ते सहा मिलिमीटरची, शक्यतो टफन्ड (तापवून मजबूत केलेली) आणि कडा घासलेली असावी. दोन काचा एकमेकींवर येतात तिथे उभी फट राहते. प्रौढ सापाला ती पुरत नाही, पण पिल्लू तिथून सहज निसटते, म्हणून फटीवर पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी बसवावी. जिथून सापाचे डोके जाते तिथून बहुधा उरलेला सापही जातो. काचेला कुलूप हवेच. साप नाकाने ढकलून काच सरकवतो. कपाटाचे मूळ बिजागरीचे दार ठेवायचे असेल तर मधला भाग कापून काच बसवता येते, पण चुंबकाच्या कडीवर विसंबू नये; वर आणि खाली अशा दोन खिट्ट्या लावाव्यात.

पेटीच्या आत चिकटपट्टी वापरली तर चालते का?

कधीही वापरू नये. ऊब आणि ओलावा यांमुळे चिकटपट्टी सुटते, सापाच्या अंगाला गुंडाळली जाते, आणि ओढून काढताना खवले व कातडी सोलवटते. अशी पट्टी चिकटलेला साप दिसल्यास ती ओढू नये. खाद्यतेल लावून, हळूहळू सोडवावी किंवा सरळ पशुवैद्याकडे न्यावे.

एकाच उंच कपाटात एकावर एक दोन कप्पे करता येतील का?

येतील, पण खालच्या कप्प्याची ऊब वरच्या कप्प्याच्या तळाला लागते, म्हणून प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र हीटर, स्वतंत्र थर्मोस्टॅट आणि स्वतंत्र वायुवीजन हवे. उंच कपाट भिंतीला पक्के बांधावे. एका कप्प्यात एकच साप ठेवावा.

साफसफाई कशाने करावी?

फिनाइल आणि फिनॉल असलेली जंतुनाशके सापाच्या पेटीच्या जवळही आणू नयेत. ती सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी असतात. विरळ केलेले क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक वापरावे, सांगितलेला वेळ ते तसेच राहू द्यावे आणि मग स्वच्छ पाण्याने पुसून, पेटी कोरडी करून साप परत ठेवावा. सापांच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू पसरू शकतात, म्हणून पेटीतील भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत. सफाई करतानाच लेपाला पडलेले तडे, फुगलेल्या कडा आणि होल्डरजवळ काळवंडलेले लाकूड यांवरही नजर टाकावी.

पेटी तयार झाल्यावर साप लगेच आत ठेवता येईल का?

नाही. लेप पूर्ण पक्का झाल्यावर माती, पाण्याचे भांडे आणि लपण्याच्या जागा मांडून पेटी किमान एक आठवडा सापाविना चालवावी, आणि पहाटे, दुपारी व रात्री दोन्ही टोकांची तापमाने लिहून ठेवावीत. पहाटेचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण खोली तेव्हाच सर्वांत गार असते. याच काळात एकदा हीटर तासभर पूर्ण तापवून दार उघडावे आणि वास घ्यावा. वॉर्निशचा किंवा सिलिकॉनचा जराही वास आला तर पेटी उघडी ठेवून आणखी एक आठवडा थांबावे आणि हीच चाचणी पुन्हा घ्यावी. तापमाने सलग काही दिवस हव्या त्या मर्यादेत राहिली आणि वास पूर्ण गेला, म्हणजे साप आत सोडावा. त्यानंतरचे पाच ते सात दिवस त्याला हाताळू नये आणि खायलाही त्या मुदतीनंतरच द्यावे.